राग कुठल्या खात्यात जमा होतो?

(रौप्यमहोत्सवानिमित्त ज्येष्ठ नागरिक कट्ट्यातर्फे झालेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याच्या ओघातली भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



रौप्यमहोत्सव म्हटला की आठवणींची भाषणं होतात. पहिल्या वर्षी पाण्याचे टँकर कसे आणले, लिफ्ट कधी सुरू झाली, गणपती पहिल्यांदा कुणाच्या गाळ्यात बसला, हे सगळं माझ्या आधीच्या वक्त्यांनी छान सांगितलं. मी मात्र विषय दिला, ‘राग, आयुष्यातले बदल आणि फोनवरून मिळणारं समुपदेशन’. आपले सचिव तरुण आहेत आणि थोडे खट्याळही. ते म्हणाले, "काका, हे भाषण वार्षिक सभेच्या आधी ठेवू या की नंतर?" मी म्हटलं, सभेच्या मध्येच ठेवलंत तर सर्वांत उपयोग होईल.

हसण्यावारी नेलं तरी गोष्ट खरी आहे. पंचवीस वर्षांत आपण पार्किंगवरून भांडलो, गळतीवरून भांडलो, कबुतरांना दाणे घालण्यावरून भांडलो. त्यातले बरेचसे वाद मिटले. काही मिटले नाहीत, आणि त्यामुळे काही माणसं एकमेकांशी बोलेनाशी झाली. एकाच लिफ्टमधून खाली येतात आणि दोघंही आकड्यांकडे बघत उभे राहतात. आपण इथे राहायला आलो तेव्हा पन्नाशीच्या आत-बाहेर होतो. आज सत्तरी ओलांडली. या वयात माणसं तुटली तर नवी जोडायला वेळ कुठे आहे? म्हणून हा विषय.

मी डॉक्टर नाही, मानसशास्त्रज्ञ नाही. मी बँकेतला माणूस. तेव्हा जे समजलं ते बँकेच्याच भाषेत सांगतो.

बँकेत एक उचंत खातं असतं. सस्पेन्स अकाउंट. एखादी रक्कम आली आहे, पण ती कुणाच्या खात्यात घालायची याचा उलगडा होत नाही, तेव्हा तात्पुरती या खात्यात ठेवतात. ठेवायला हरकत नाही, पण ती लवकर योग्य जागी वळती करायची असते. ऑडिटर आला की विचारतो, उचंत खात्यात जुन्या नोंदी किती आहेत? कारण घोटाळे तिथेच दडलेले असतात.

आता एक प्रसंग सांगतो. नव्वदच्या दशकातला. मी तेव्हा एका शाखेत अधिकारी होतो. काउंटरवर एक गृहस्थ जोरजोरात ओरडत होते. कारण काय, तर क्लार्कने त्यांना मृत्यूच्या दाखल्याची आणखी एक झेरॉक्स मागितली होती. एक रुपयाची झेरॉक्स, आणि त्यावरून, "तुम्हा लोकांना माणुसकी आहे का?" इथपर्यंत गोष्ट गेली. मी त्यांना आत बोलावलं, खुर्ची दिली, चहा सांगितला. ते पाच मिनिटं काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "साहेब, इतकी वर्षं पासबुकावर आमची दोघांची नावं आहेत. आता नवीन पासबुकावर एकच छापून येईल ना?"

भांडण झेरॉक्सचं नव्हतं. दुःखाची रक्कम होती, तिला खातं सापडत नव्हतं, म्हणून ती रागाच्या नावावर जमा झाली होती. मला आज जे सांगायचं आहे ते एवढंच आहे. आपल्या वयातला पुष्कळसा राग हा कुठल्या तरी बदलाचा असतो. तो बदल आपण नीट मांडलेला नसतो. आणि तो मांडायला कुणीतरी तिऱ्हाईत, जाणकार माणूस लागतो.

बदलांचाही हिशेब करून ठेवलेला आहे बरं का. होम्स आणि राहे या दोन अमेरिकन डॉक्टरांनी 1967 साली आयुष्यातल्या 43 घटनांची एक यादी प्रसिद्ध केली. प्रत्येक घटनेने माणसावर किती ताण येतो त्याला गुण दिले. जोडीदाराचा मृत्यू, 100 गुण. घटस्फोट, 73. जवळच्या नातेवाइकाचा मृत्यू, 63. निवृत्ती, 45. मुलगा किंवा मुलगी घर सोडून जाणं, 29. घर बदलणं, 20. गंमत म्हणजे लग्नालासुद्धा 50 गुण आहेत. म्हणजे बदल आनंदाचा असला तरी तो ताण देतोच. यादी त्यांच्या देशातली आणि त्या काळातली. आपल्याकडे मुलीच्या लग्नाचे किंवा सासूबाई गावाहून कायमच्या राहायला येण्याचे गुण वेगळे धरावे लागतील. पण तत्त्व पटण्यासारखं आहे. एका वर्षात दोन-तीन मोठ्या नोंदी पडल्या की माणसाची शिल्लक खाली येते, आणि मग साधा दरवाजा आपटल्याचा आवाजसुद्धा सहन होत नाही.

माझ्या पिढीतल्या बँकवाल्यांना हे वेगळं सांगायला नको. 2000-01 साली सरकारी बँकांत स्वेच्छानिवृत्ती आली. लाखाच्या घरात माणसं बाहेर पडली. हातात पैसे आले, सकाळची 8.12ची लोकल गेली. पैशाचं काय करायचं ते सांगायला सगळे होते. लोकलच्या जागी काय घालायचं ते सांगायला कुणी नव्हतं. कित्येक घरांत त्या वर्षी वर्तमानपत्र कुणी आधी वाचायचं यावरून वाद झाले. आणि त्या वादांची झळ घरच्या बाईला लागली. निवृत्ती आपली, पण तिच्या स्वयंपाकघरात दिवसभर दुसरा साहेब येऊन बसला! तिच्या आयुष्यात झालेल्या या बदलाला मात्र कुठल्या यादीत गुण मिळाले नाहीत.

आता रागाकडे येतो. आपल्याकडे हा विचार नवा नाही. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात क्रोधाची साखळी दिली आहे. आधी एखाद्या गोष्टीचा ध्यास, मग ओढ, मग इच्छा, इच्छा अडली की क्रोध, क्रोधातून भ्रम, भ्रमातून विस्मरण आणि शेवटी बुद्धीचा नाश. नीट पाहिलंत तर राग साखळीच्या मधोमध आहे. त्याच्या आधी तीन कड्या आहेत. आपण पकडायला जातो ती मधली कडी. तापलेली असते, हात भाजतो.

समुपदेशक काय करतो? तो आधीच्या कड्यांकडे नेतो. अल्बर्ट एलिस नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1955च्या सुमारास विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडायला सुरुवात केली. आपल्याकडे कि. मो. फडके यांनी ती मराठी माणसांपर्यंत पोचवली. तिचं सार असं की घटना थेट राग आणत नाही. घटना आणि राग यांच्या मध्ये आपला एक विचार असतो, आणि बहुतेक वेळा तो हट्टाच्या रूपात असतो.

सोसायटीतलंच उदाहरण घ्या. वरच्या फ्लॅटमधून आपल्या बाथरूममध्ये पाणी गळतंय. ही घटना. "त्यांनी हे आजच्या आज दुरुस्त केलंच पाहिजे, आणि करत नाहीत म्हणजे मला किंमत देत नाहीत," हा विचार. जिन्यात झालेलं भांडण, वाढलेलं ब्लडप्रेशर आणि पुढची दोन वर्षं अबोला, हा परिणाम. आता विचार थोडा बदलून बघा. "हे दुरुस्त व्हावं अशी माझी तीव्र इच्छा आहे, तो माझा हक्कही आहे, पण जग माझ्या घड्याळावर चालत नाही." याने गळती थांबत नाही. चीडही पूर्ण जात नाही. पण माणूस जिन्यात ओरडण्याऐवजी लेखी तक्रार देतो, प्लंबर घेऊन वर जातो, आणि पाणी थांबण्याची शक्यता वाढते. हक्क सोडून द्या असं हे शास्त्र सांगत नाही. हक्क मागताना स्वतःची तब्येत गहाण टाकू नका, एवढंच सांगतं.

एक गैरसमज इथे काढून टाकतो. "राग मनात ठेवू नये, ओरडून मोकळं व्हावं, आदळआपट केली की बरं वाटतं," असं आपण ऐकत आलो. ब्रॅड बुशमन या संशोधकाने 2002 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. राग आणणाऱ्या माणसाचा विचार करत ज्यांनी पंचिंग बॅगवर ठोसे मारले, त्यांचा राग उतरला नाही, उलट नुसतं शांत बसलेल्यांपेक्षा तो जास्त राहिला. म्हणजे भांडी आपटल्याने मन मोकळं होत नाही, सराव होतो. रागाचा सराव. मोकळं होणं म्हणजे काय झालं आणि काय दुखलं ते शब्दांत सांगणं.

मग प्रश्न असा की सांगायचं कुणाला? घरच्यांना सांगावं तर बऱ्याचदा तेच त्या रागाच्या टोकाला असतात. मित्रांना सांगावं तर कट्ट्यावर दुसऱ्या दिवशी चर्चा. आणि दवाखान्याची पायरी चढायची तर, "कुणी पाहिलं तर काय म्हणेल?" इथे फोनवरचं समुपदेशन उपयोगी पडतं. हे फार नवंही नाही. लंडनमध्ये 1953 साली चॅड वराह या धर्मगुरूने अडचणीतल्या माणसांचं म्हणणं टेलिफोनवर ऐकून घ्यायला सुरुवात केली. त्यातून समॅरिटन्स ही संस्था उभी राहिली. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने 2012 साली आयकॉल ही सेवा सुरू केली, फोनवर आणि ई-मेलवर. कोविडच्या काळात, 2020 साली, केंद्र सरकारने दूरवरून वैद्यकीय सल्ला देण्याचे नियम जाहीर केले आणि त्यानंतर व्हिडिओवर डॉक्टरांशी बोलणं आपल्याही अंगवळणी पडलं. आपण ठाणेकर तर या बाबतीत भाग्यवान. डॉ. आनंद नाडकर्णी यांची मानसिक आरोग्याची संस्था 1990पासून आपल्याच गावात आहे. तरीसुद्धा गुडघे दुखतात, रिक्षा मिळत नाही, आणि मुख्य म्हणजे मन तयार होत नाही. फोन हातातच असतो.

हे प्रत्यक्षात कसं होतं ते सांगण्यासाठी आपल्याच सोसायटीतल्या एका गृहस्थांची हकिकत सांगतो. त्यांची परवानगी घेतली आहे. नाव घेणार नाही. तुमच्यापैकी काही जण ओळखतील, त्यालाही त्यांची हरकत नाही. फक्त माना वळवू नका.

या गृहस्थांचं वय 71. दोन वर्षांपूर्वी डोळ्यांच्या विकारामुळे डॉक्टरांनी गाडी चालवू नका म्हणून सांगितलं. त्याआधी वर्षभर पत्नी गेली होती. मुलगा टोरांटोला. गाडी जागेवर उभी. टायर बसले, वर धुळीचा थर. समितीने पत्र दिलं की न चालणारी गाडी हलवावी, पार्किंगची जागा कमी आहे. पत्र नियमाला धरून होतं, भाषाही सभ्य होती. पुढे काय झालं ते सभेला हजर असलेल्यांना आठवत असेल. माइक बंद करावा लागला.

त्यानंतर त्यांचा राग घरकाम करणाऱ्या बाईंवर निघाला, वॉचमनवर निघाला, फोनवर मुलावर निघाला. नातवाने व्हिडिओ कॉलवर यायचं बंद केलं. मुलाने तिथून शोधाशोध करून मराठी बोलणाऱ्या एका समुपदेशकांची वेळ घेतली. यांचं पहिलं उत्तर, "मला काय वेड लागलंय?" मुलगा म्हणाला, "बाबा, वेड नाही लागलं. पण मला तुमच्याशी बोलायची भीती वाटायला लागली आहे." या वाक्यावर ते तयार झाले. अट एकच, व्हिडिओ नाही, फक्त आवाज.

आता जागेचा प्रश्न. घरात सकाळी बाई कामाला, दुपारी बहीण येऊन बसलेली. शेवटी ते खाली जाऊन त्या उभ्या गाडीतच बसले. काचा वर, कानात इअरफोन. पहिल्या दिवशी वॉचमनने दोनदा काच ठोठावली, "आजोबा, बरं आहे ना?" म्हणून. दर बुधवारी पाऊण तास. पहिल्या वेळी समुपदेशक बाईंनी काही उपदेश केला नाही. झोप कशी आहे, औषधं कुठली चालू आहेत, दिवस कसा जातो, कुणाशी बोलता, असं विचारत राहिल्या. मनात जीव देण्याचे विचार येतात का, हेही सरळ विचारलं. ते मला म्हणाले, "इतक्या वर्षांत इतक्या शांतपणे मला कुणी काही विचारलंच नव्हतं."

त्यांना एक वही ठेवायला सांगितली. बँकेच्या लेजरसारखे रकाने. तारीख, काय घडलं, अंगात काय झालं, मनात कुठलं वाक्य आलं, आपण काय केलं, त्याआधी झोप आणि जेवण झालं होतं का. दोन आठवड्यांत त्यांनाच दिसलं की बहुतेक नोंदी संध्याकाळी पाच ते सातच्या आहेत. म्हणजे पूर्वी ज्या वेळी ते पत्नीला घेऊन तलावपाळीला गाडीने जायचे, ती वेळ.

चौथ्या बुधवारी त्यांना विचारलं, "गाडी हलवा असं पत्र आलं तेव्हा तुम्हाला नेमकं काय ऐकू आलं?" बराच वेळ ते गप्प होते. मग म्हणाले, "आज गाडी हलवा म्हणतात, उद्या म्हणतील तुम्हीही हला."

मित्रहो, हे वाक्य त्यांनी मला सांगितलं तेव्हा मलाही पुढे बोलवेना. आपण सगळे त्या सभेत होतो. सगळ्यांनी राग ऐकला, हे वाक्य कुणालाच ऐकू आलं नाही. ते त्यांनाही तोवर ऐकू आलेलं नव्हतं.

पुढे काय झालं? चमत्कार काही झाला नाही. दहा वेळा बोलणं झालं. राग येतो हे आधी अंगावरून ओळखायचं, जबडा आवळला, कान तापले की तिथून उठायचं, "मी पंधरा मिनिटांनी बोलतो" असं सांगून जायचं आणि पंधरा मिनिटांनी खरंच परत यायचं, हे ते शिकले. श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ घ्यायचा, हे शिकले. संध्याकाळी पाच वाजता रिक्षाने तलावपाळीला जायला लागले, एकटे. गाडी त्यांनी स्वतःच्या मनाने, स्वतः ठरवलेल्या दिवशी विकली. अजूनही चिडतात. पण आता चिडल्यावर दुसऱ्या दिवशी येऊन सांगतात, "काल मला वाईट वाटलं होतं." ‘राग आला’ या जागी ‘वाईट वाटलं’, एवढाच फरक. पण आमच्या भाषेत, नोंद योग्य खात्यात वळती झाली.

आता काही व्यवहाराच्या गोष्टी. इथे माझ्यातला बँकवाला जागा होतो.

पहिली गोष्ट, समोर कोण आहे ते विचारा. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे सायकियाट्रिस्ट, हे वैद्यकीय डॉक्टर असतात, औषध देऊ शकतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट हे डॉक्टर नसतात, पण त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते, तिचा क्रमांक विचारता येतो. समुपदेशकांना शिक्षण काय, प्रशिक्षण कुठे घेतलं, किती वर्षं काम करता, हे मोकळेपणाने विचारा. चांगला माणूस या प्रश्नाने रागावत नाही. रागावला तर रागासाठी त्याच्याकडे जाऊ नका.

दुसरी, पैसे. शुल्क आधी विचारा. "वीस बैठकांचं पॅकेज आजच घ्या, निम्मी सूट," असं कुणी म्हणालं तर थांबा. "सात दिवसांत राग गायब" अशी हमी देणाऱ्यापासून लांब राहा. मुदत ठेवीवर कुणी अवाच्या सवा व्याज सांगितलं तर आपण काय समजतो? तेच समजा. आणि ओटीपी, कार्डाचा नंबर, आधारचा फोटो समुपदेशनासाठी लागत नाही, हे पक्कं लक्षात ठेवा.

तिसरी, गुप्तता. 2017च्या मानसिक आरोग्य कायद्याने मानसिक आजारावर उपचार घेणाऱ्याला गुप्ततेचा हक्क दिला आहे. चांगले समुपदेशक पहिल्याच वेळी सांगतात की तुमच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल तरच आम्ही घरच्यांना कळवू, एरवी नाही. बोलणं रेकॉर्ड होतं का, तेही विचारून घ्या. आणि मुलांनो, तुम्हालाही सांगतो. आईबाबांसाठी वेळ तुम्ही घेतलीत, पैसे तुम्ही भरलेत, तरी आत काय बोलणं झालं ते विचारायचं नाही. खातं त्यांचं आहे.

चौथी, आणि ही फार महत्त्वाची. एरवी शांत असलेला माणूस उतारवयात अचानक चिडखोर झाला तर आधी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे न्या. साखर कमी होणं, थायरॉइड, रक्तातलं सोडियम घटणं, लघवीचा संसर्ग, एखादं नवीन औषध, अंगावर काढलेलं दुखणं, यांनी स्वभाव बदललेला दिसतो. ऐकू कमी आलं तरी माणूस चिडतो, कारण सगळे आपल्याबद्दल कुजबुजतात असं त्याला वाटतं. स्मृतिभ्रंशाची सुरुवातही कधी कधी विसरण्याने होत नाही, चिडण्याने होते. जिथे कानाचं यंत्र हवं तिथे समुपदेशन देऊन चालणार नाही.

पाचवी, फोनवर सगळं होत नाही. घरात मारहाण होत असेल तर तो ‘रागाचा स्वभाव’ म्हणून सोडून द्यायचा विषय नाही. तिथे तातडीने 112, महिलांसाठी 181, मुलांसाठी 1098. ज्येष्ठांना त्रास होत असेल, आधार हवा असेल तर 14567 ही एल्डरलाइन. आणि मन जड झालं, राग अनावर झाला, जगणं नको वाटलं, तर 14416. ही केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा, 10 ऑक्टोबर 2022 रोजी सुरू झालेली. फोन फुकट, चोवीस तास, आणि मराठीतून बोलता येतं. हे नंबर या स्मरणिकेतून कापून फ्रिजवर लावा. गॅस सिलिंडरच्या नंबरशेजारी लावा, म्हणजे पाहुण्यांना प्रश्न पडणार नाही.

आता इथे बसलेल्या तरुण मंडळींना वाटेल की हा म्हाताऱ्यांचा विषय आहे. तसं नाही. घरी बसून रात्री अमेरिकेच्या वेळेवर काम करणारा मुलगा, बाळंतपणानंतर नोकरीवर परत जाणारी सून, दहावीच्या निकालानंतर दार लावून बसलेली मुलगी, नोकरी गेलेली कुणाला न सांगता रोज बॅग घेऊन बाहेर पडणारा गृहस्थ, या सगळ्यांच्या उचंत खात्यात नोंदी आहेत. त्यांना तर फोनवर बोलणं आपल्यापेक्षा सोपं जातं. अडचण एकच, जागा. दीड-दोन खोल्यांच्या घरात दार लावलं की चार जण विचारतात, "काय झालं?"

म्हणून समितीपुढे एक सूचना ठेवतो. सोसायटीचं ऑफिस दुपारी दोन ते चार बंदच असतं. आठवड्यातले दोन दिवस ते सभासदांना आणि त्यांच्या घरच्यांना पाऊण तासासाठी वापरायला द्यावं. एक खुर्ची, पंखा, चार्जिंगची सोय, आतून लागणारी कडी. किल्ली वॉचमनकडे. फक्त एक करा, रजिस्टरमध्ये फ्लॅट नंबर आणि वेळ लिहा, ‘कारण’ हा रकाना ठेवू नका. कुणी समुपदेशकाशी बोलेल, कुणी मुलाखत देईल, कुणी परदेशातल्या मुलीशी मनातलं बोलेल. आपल्याला कळायची गरज नाही. खर्च जवळजवळ शून्य. रौप्यमहोत्सवानिमित्त आपण गेटवर कमान उभारली, रोषणाई केली. ती आठ दिवसांनी उतरेल. ही खोली राहील.

आणखी एक विनंती, ही सगळ्यांना. पुढच्या सभेत कुणी आवाज चढवला तर उत्तर जरूर द्या, नियम जरूर दाखवा. पण सभा संपल्यावर, दोन दिवसांनी, त्यांच्या दारावर टकटक करून एवढंच विचारा, "परवा काय झालं होतं हो?" आणि मग गप्प बसा. समुपदेशन शिकलेल्यांचं काम आपण करू शकणार नाही, करूही नये. पण माणूस त्या फोनपर्यंत पोचेल एवढं शेजारधर्माने नक्की करता येतं.

खुर्च्यांची रांग शेवटपर्यंत भरलेली दिसते आहे, म्हणजे कंटाळा आला नसावा, किंवा बटाटेवडे अजून तळून व्हायचे असावेत. समितीने माझी सूचना पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर घ्यावी, अशी पुन्हा विनंती करतो. सर्वांना उत्तम आरोग्य लाभो. आपण सगळे एकमेकांशी बोलत-भांडत सुवर्णमहोत्सवाकडे जाऊ या.